दिवेलागणीला येडा होणारा डबा

नवीन पनवेलच्या आमच्या गाळ्यात आधी मी सुकी मासळी विकायची. बोंबील, जवळा, सोडे, वाकट्या. माहेर मोऱ्याच्या कोळीवाड्यातलं, त्यामुळे मासळीचं मला कुणी शिकवावं लागलं नाही. वाचायला मात्र मी त्याच गाळ्यात शिकले. गिऱ्हाईक नसलं की बांधणीची रद्दी पुढ्यात घ्यायची आणि एकेक अक्षर लावत बसायचं. पुढे गुडघे बोलायला लागले, उठबस होईना, तेव्हा दुकान आवरलं आणि गाळा लेकीच्या हाती दिला.

तिने तिथं काय काढावं? तर गेम पार्लर! चार टीव्ही, चार यंत्रं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. गाळा फिनाईलने तीनदा धुतला, भिंतींना निळा रंग दिला, पण वीस वर्षांचा बोंबील असा कसा जाईल? कॉलेजची पोरं यायची, नाक आक्रसून म्हणायची, "ताई, तुमच्याकडे गाड्यांची रेस लावली की मासळीच्या टेम्पोमागे गाडी घातल्यासारखं वाटतं." लेक वर न बघता म्हणायची, "मग ओव्हरटेक कर ना."

माझी बसायची जागा दाराजवळच्या स्टुलावर. मला त्या खेळांतलं काही कळत नव्हतं, पण पोरांची तोंडं बघायला मजा यायची. हातात ते दोन मुठींचं बटणांचं यंत्र, अंगठे नुसते पाखरासारखे फडफडतायत, आणि बाकी सगळं शरीर दगड.

आता खरी गोष्ट. माझा मोठा मुलगा जासईला कंटेनरच्या यार्डात कामाला. त्याला हे पार्लर पहिल्यापासून पसंत नव्हतं. पोरांच्या घरी कॉम्प्युटर येत होते आणि आमच्या खुर्च्या रिकाम्या पडत होत्या, हेही खरंच. एक मोबाईलवाला गाळ्यासाठी त्याच्या मागे लागला होता. मुलगा एका रविवारी जेवता जेवता म्हणाला, "आये, दसऱ्यापर्यंत बगतो. तवर गर्दी नाय झाली तर गाळा त्याला देऊन टाकू." लेकीने ताटातला भात बोटाने नुसता इकडचा तिकडे केला. पाच वर्षं ती बेलापूरला दुसऱ्याच्या ऑफिसात फायली उचलत होती. स्वतःच्या खुर्चीवर ती पहिल्यांदा इथं बसली होती. तिला तिथून उठवायचं म्हणजे काय, ते मला दिसत होतं.

गणपतीच्या आधी माझा भाचा जहाजावरून सुट्टीला आला. त्याने बाहेरून येताना तिच्यासाठी एक नवीनच यंत्र आणलं. पांढराशुभ्र डबा. हातात धरायला एक पांढरी कांडी, टीव्हीच्या रिमोटसारखी, तिला वायर नाही. मनगटात अडकवायला दोरी. आणि टीव्हीच्या डोक्यावर ठेवायची एक काळी पट्टी, बोटभर जाड, वीतभर लांब. बटणं दाबायची नाहीत, हात हलवायचा. तुम्ही हात फिरवला की टीव्हीतली बॅट फिरते. कांडी रोखली की पडद्यावर एक छोटा पंजा दिसतो, तो तुम्ही दाखवाल तिकडे जातो. लेकीचे डोळे असे चमकले! "आये, हे पनवेलात कोनाकडंच नाय," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पोरं आली. त्यांच्यात एक उंच, चष्मेवाला होता, खारघरला इंजिनीअरिंग शिकणारा. बाकीचे त्याचं ऐकायचे. तो जे खेळेल ते चांगलं, तो ज्याला हसेल ते वाईट. त्याने कांडी उचलली, उलटीसुलटी करून बघितली.

"बटणं कुठायत, ताई?"

"फारशी नाहीत. हात हलवायचा."

"एवढीशीच बटणं? माझ्या आजोबांच्या फोनला जास्त आहेत."

मागून एकजण म्हणाला, "आणि ही दोरी कशाला? बाळ हरवू नये म्हणून?"

तिसरा म्हणाला, "अरे, उभं राहून खेळायचं? आपण गेमर आहोत. झाडू मारायला आलोय का?"

हसून हसून लोळले मेले. पण कांडी खाली कुणी ठेवली नाही, हे मी बघत होते. टेनिस लावलं. पहिल्याच फटक्याला एकाचा हात ट्यूबलाइटला लागला. दुसऱ्याचं कोपर मित्राच्या नाकावर. घाम आला, श्वास लागला, "आउट होता!" म्हणून भांडणं झाली. आता सांगा, हे हसणं चांगलं का वाईट? मला तर चांगलं वाटलं. लेकही मनातून सुखावली होती.

मग चष्मेवाल्याने नेमबाजीचा खेळ लावला. कांडी रोखायची आणि उडती बदकं टिपायची. बाहेर अंधारून आलं होतं. मी उठून नेहमीसारखा फळीवरच्या एकवीरा आईपुढे दिवा लावला आणि स्टुलावर येऊन बसले. इकडे पडद्यावरचा पंजा थरथरायला लागला. डावीकडे नेला की उजवीकडे उडी मारायचा, मध्येच नाहीसा व्हायचा, कोपऱ्यात जाऊन बसायचा.

"काय फालतू आहे यार," चष्मेवाल्याने कांडी टेबलावर टाकली. "खेळणं आहे हे. ताई, ह्याला खरे गेमर हात पण लावणार नाहीत."

बाकीचेही फिरले. सगळे आपापल्या जुन्या खुर्चीवर, अंगठे फडफडवत.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीने डबा लावला, तर पंजा कसा शहाण्यासारखा चाललाय! एकूण एक बदक तिने पाडलं. संध्याकाळी पोरं आली, परत तेच. तिसऱ्या दिवशी तेच. सकाळी शहाणा, दिवेलागणीला येडा. लेकीने वायरी काढून पुसून लावल्या, सेल बदलले, टीव्ही बदलला. पोरांनी त्याला नावच पाडलं, 'भुताचा डबा'. "ताई, ह्याला रात्री दिसत नाही, गाजर द्या," असं कुणीतरी म्हणायचं. ती हसायची, पण घरी आल्यावर पाणीसुद्धा न पिता भिंतीकडे तोंड करून पडायची.

मी काय करणार? मला जे कळतं ते केलं. नजर लागली असणार. पनवेलात कुणाकडे नसलेली वस्तू, नजर लागणारच की! मीठ-मिरच्यांनी डब्याची दृष्ट काढली. मिरच्यांच्या धुराने अख्खा गाळा खोकला, पोरं बाहेर पळाली. मग आईला साकडं घातलं आणि एका दिव्याचे दोन केले. डबा जास्तच बिघडला. मी तीन केले. चौथा कुणासाठी लावला ते आता आठवत नाही, पण लावला. जसजसा डबा येडा होत गेला, तसतशी माझी भक्ती वाढत गेली.

दसऱ्याला दोन दिवस होते. संध्याकाळी मुलगा जासईहून थेट गाळ्यावर आला. हातातली पिशवीही खाली न ठेवता दारातच उभा राहिला. चारपैकी दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. लेक नव्या डब्यापुढे एकटीच कांडी रोखून उभी होती, आणि पंजा आपला कोपऱ्यात.

"बाय, पुरे झाला आता," तो हळूच म्हणाला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

"सकाळी चालतो, दादा. शपथ घेऊन सांगते. सकाळी येऊन बग."

"सकाळी गिऱ्हाईक हाय का?"

मीच उठले. म्हटलं, आज पाच दिवे लावते. आई बघेल काय ते. देवीची फळी समोरच्या भिंतीवर, मी मासळी विकत होते तेव्हापासूनची. दारातून आत येणाऱ्याची नजर आधी देवीवर पडावी म्हणून तिथं ठोकलेली. टीव्ही ठेवायला सगळ्यात मोठी भिंत तीच, म्हणून नव्या डब्याचा टीव्हीही त्या फळीच्या खालीच ठेवलेला. मी पाच दिवे लावले. तेवढ्यात मुलाने घाम आला म्हणून पंख्याचं तोंड आत वळवलं, आणि फक्कन पाचही दिवे गेले.

"अरं काय केलंस हे!" मी ओरडले.

"सरळ झाला!" लेक ओरडली.

मी बघितलं, तर पंजा तिच्या हाताबरोबर गुळगुळीत फिरत होता. मला त्याचं काय! मला दिव्यांची चिंता. मी पंखा फिरवला, काडी ओढली, एक दिवा लावला. पंजाने टुणकन उडी मारली आणि परत कोपऱ्यात.

चष्मेवाला आपला खेळ तसाच सोडून उठला. त्याची गाडी टीव्हीत भिंतीला धडकली, त्याने वळूनही बघितलं नाही.

"मावशी, थांबा. तो दिवा फुंका जरा."

"देवीचा दिवा फुंकायचा? घरी असंच शिकवलंय का तुला?"

"बरं, फुंकू नका. झाका हाताने."

मी तळव्याचा आडोसा केला. पंजा सरळ. हात काढला, पंजा येडा. परत झाकला. सरळ. चष्मेवाल्याने कपाळावर हात मारून घेतला. मग मला समजेल असं त्याने सांगितलं. त्या काळ्या पट्टीच्या दोन टोकांतून आपल्याला न दिसणारा उजेड निघतो. हातातली कांडी त्या उजेडाकडे बघून नेम ठरवते. दिव्याच्या ज्योतीतही तसलाच उजेड असतो. कांडीला कळेना, पट्टी कुठली आणि देवी कुठली.

म्हणजे सव्वा महिना माझ्या लेकीचा डबा मी बिघडवत होते. रोज, हात जोडून.

मी स्टुलावर बसले. मला रडू आलं की हसू ते सांगता येणार नाही. लेक माझ्याकडे बघत होती. वाटलं, आता बोलेल, बोलायलाच हवं. तर ती खाली बसून माझ्या गुडघ्यावर डोकं टेकून खदखदा हसायला लागली. "आये गो! पाच-पाच दिवे!" मुलाचंही हसू फुटलं. पोरं तर काय, निमित्तच शोधत होती.

मी आईची क्षमा मागितली आणि फळी काढायला सांगितली. मुलाने स्वतः खिळे उपटले आणि फळी मागच्या, दाराकडच्या भिंतीवर ठोकली, खेळणाऱ्यांच्या पाठीशी. पण माझं तोंड उतरलेलंच होतं. देवीला जागेवरून हलवलं, दिवा असा गुन्हेगार ठरला, ते कुठंतरी लागत होतं. चष्मेवाल्याच्या ते लक्षात आलं असावं. त्याने टीव्हीवरची काळी पट्टी काढून बाजूला ठेवली. "मावशी, तुमचे दोन दिवे द्या." ते त्याने टीव्हीशेजारी दोन स्टुलांवर ठेवले, एक इकडे, एक तिकडे. "आता लावा."

मी लावले. पट्टी नाही, काही नाही, नुसत्या दोन वाती. आणि पंजा पडद्यावर हळूहळू, सरळ, तो नेईल तिथं चालला.

"बघा, तुमच्या दिव्यावर पण चालतो," तो म्हणाला. मग मित्रांकडे वळून, "ए, बसू नका रे, उभे राहा. पहिला नंबर माझा."

"खरे गेमर हात पण लावणार नव्हते ना?" लेकीने विचारलं.

"ताई, जुनं काढू नका."

रांग लागली. मुलगा अजून हातोडी घेऊन उभाच होता. कुणीतरी त्याच्या हातात कांडी दिली, मनगटात दोरी अडकवली. यार्डातला आडदांड माणूस, बदकं टिपताना जीभ बाहेर काढून उभा. मध्येच त्याचा फोन वाजला. त्याने डाव्या हाताने कानाला लावला, बदकावरची नजर काढली नाही. मोबाईलवालाच होता. मला एवढंच ऐकू आलं, "नाय हो, गाळा नाय देनार. बहिनीचा हाय तो."

"दादा, हात सरळ धर," लेक म्हणाली. "तीन पळाली तुझी."

मागच्या भिंतीवर आईपुढे मी तिसरा दिवा लावला. एकच.