गमबुटांना हळद-कुंकू

बाई घरात शिरल्या की आधी माणसाच्या पायांकडे बघायच्या. चेहऱ्याचा नंबर नंतर. टाचेला भेग दिसली की तुमची धडगत नसे. शिक्षण तेलुगू शाळेत झालेलं, त्यामुळे आवडता शब्द एकच, "जाग्रत्त!" म्हणजे सांभाळून. आमच्या उपकेंद्राच्या या नर्सबाई जेवायला बसणाऱ्यालाही तो ऐकवत. पाठीमागे आम्ही त्यांना जाग्रत्तबाईच म्हणायचो, आणि त्यांना ते ठाऊक होतं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

आमचं गाव आदिलाबादच्या टोकाचं, कपाशीचं. शेत म्हणजे लक्ष्मी, म्हणून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चपला काढायच्या आणि मगच आत पाऊल टाकायचं. मग नारळ फोडायला जा, नाहीतर विषारी औषध फवारायला. पंप गळतो, पाय भिजतात, औषध भेगांतून अंगात उतरतं. एका हंगामात माझा धाकटा भाऊ सुनील असाच कपाशीत कोसळला. तीन दिवस दवाखान्यात होता. मी विज्ञानाचा मास्तर, पण बाबांसमोर माझी बोलती बंद.

पुढचा हंगाम लागताच बाई मात्र थेट बाबांसमोर येऊन बसल्या.

"काका, सुनीलले गमबूट घालू द्या."

"लक्ष्मीच्या अंगावर पायताण? जमत नाई."

"अन तिच्या अंगावर जहर वतता, ते जमते?"

बाबा रागाने उठून गेले. मला वाटलं, संपलं.

पोळ्याला बैलांची पूजा आटोपली आणि बाई पुन्हा हजर. काखेत कोरे गमबूट.

"काका, वखराले हळद-कुंकू लावता ना? हे बी शेताचं अवजारच हाय. रस्त्यावर चालनार नाई, बाजारात जानार नाई. शेतातल्या खोपटातच राहतीन."

"काऊन मांगं लागल्या बाई?"

"पोरगं जित्तं पायजे म्हून!"

बाबांनी गमबूट हातात घेऊन उलटेपालटे करून पाहिले. मग आईला म्हणाले, "ताट आन." गमबुटांना हळद-कुंकू लागलं. मला हसू फुटलं, तर बाईंनी असे डोळे वटारले की मीही हात जोडले.

पंधरा दिवसांत गावातल्या सगळ्या तरण्या पोरांचे गमबूट पूजा होऊन शेतात गेले. त्या हंगामात फवारणीपायी आमचं एकही पोर दवाखान्यात गेलं नाही. एकही नाही! दहावीच्या निकालाचा मला कधी एवढा माज आला नव्हता.

पुढच्या पावसाळ्यात बाईंची बदली मंचेरियलकडे झाली. सकाळच्या बसला निम्मं गाव जमलं. बाबांनी हात जोडले. "बाई, पोरगं माहं, अन भांडल्या तुमी." एवढंच बोलले आणि रडले. बाबांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

बाईंनीही डोळे पुसले आणि खिडकीतून सुनीलवर खेकसल्या, "तुहा फवारा हाय ना आज? मंग इथं काय करून राह्यला? जाय!"

बस हलली. माझा भाऊ हसत शेताकडे पळाला, चांगला धडधाकट.