दोन कार्बोरेटर आणि एक कान

मिस्त्रींना सगळे कानवाले म्हणत. हे नाव त्यांनी काही स्वतःहून लावून घेतलं नव्हतं, पण त्या नावाने हाक आली की वळताना मान जरा ताठ व्हायची. दुसरे मिस्त्री गाडी आली की पाने काढायचे. हे आधी खिळ्याला टांगलेली हातभर रबरी नळी काढायचे. नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं कानाला लावायचं आणि डोळे मिटायचे. कार्बोरेटरमध्ये हवा आणि पेट्रोल एकत्र होऊन इंजिनात जातं. इंजिनाला दोन सिलिंडर आणि दोन कार्बोरेटर असले तर दोघांचा श्वास अगदी सारखा पडावा लागतो. तो सारखा करण्यात कानवाल्यांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. गेली चाळीस वर्षं तरी नव्हतं.

सोमवारी सकाळी दुधाच्या टेम्पोतून गुरांच्या डॉक्टरीणबाईंची एटीव्ही उतरली. चार जाड चाकं, मोटरसायकलसारखं हँडल, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन आणि मागे औषधांचा डबा. महिन्यापूर्वीच कानवाल्यांनी तिचे दोन्ही कार्बोरेटर जुळवून दिले होते.

"काका, तुमच्या कानाने काल मला दोन तास चालवलं," बाई म्हणाल्या. बुटांवरचा चिखल अजून तसाच होता.

"का? काय झालं?"

"चढावर हळू नेली की एक सिलिंडर झोपतो. मग फट्‌फट्‌ करते आणि बंद. पार्ट्सवाला म्हणतो, दोन काढून टाका आणि एकच मोठा बसवा, डोकेदुखी संपेल."

"त्याला एक खपवायचा असेल."

"त्याच्याकडे दोन्ही आहेत. मी तुम्हाला विचारतेय, एक की दोन? गुरुवारी वरच्या कुरणावर दोनशे मेंढ्यांना लस टोचायचीय. लस बर्फात असणार. वाटेत थांबून चालायचं नाही."

"दोन सिलिंडरला दोनच," कानवाले म्हणाले. "गाडी ठेवून जा."

हे उत्तर त्यांनी आयुष्यभर दिलं होतं. एक कार्बोरेटर बसवणाऱ्याला ते आळशी म्हणत, तेही तोंडावर.

त्यांनी प्लग काढले. डावा छान बिस्किटाच्या रंगाचा होता. उजवा काळा, ओला, तेलाने माखलेला. त्यांनी प्लगांची अदलाबदल करून इंजिन चालवलं. पुन्हा उजवीकडचाच काळा. मग हवेच्या नळ्या काढून आत डोकावले. कार्बोरेटरच्या आत हवेची वाट उघडणारी जी स्लाइड असते, ती डावीकडे चांगली काडीभर वर होती. म्हणजे हळू चालवताना सगळं ओझं डाव्या सिलिंडरवर पडत होतं, आणि उजवा नुसतं तेल पीत बसला होता.

कानवाल्यांचा पारा चढला. त्यांनी बाईंना फोन लावला. "मधे कुणाला दाखवली होती का गाडी?"

"तुमच्याशिवाय कुणालाच नाही."

"कुणीतरी स्क्रूला हात घातलाय."

"मग तुम्हीच घातला असेल," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

कानवाल्यांनी नळी घेतली आणि सगळं नव्याने जुळवलं. डाव्या बाजूला बसून डाव्या कार्बोरेटरला डावा कान, उजव्या बाजूला बसून उजव्याला उजवा कान. चाळीस वर्षांची सवय. दोन्ही आवाज सारखे झाले, त्यांचं समाधान झालं, आणि त्यांनी सहज आत पाहिलं. डावी स्लाइड पुन्हा वर. तेवढीच, काडीभर.

ते बघतच राहिले.

"अहो!" कुणीतरी दंडाला धरून हलवलं. त्यांची बायको चहाचा कप घेऊन उभी होती. "तीनदा सांगितलं, चहा ठेवलाय. डावीकडून बोललं की तुमची समाधीच लागते. परवा पोस्टमन बेल वाजवून वाजवून दमला, शेवटी खिडकीतून पत्र टाकून गेला."

"डावीकडून?"

"तर काय."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. मी सांगितलं होतं की तुम्हाला." तिने कप बाकावर ठेवला. "डावीकडूनच सांगितलं असेल."

कानवाले हसले नाहीत. त्यांनी इंजिन पुन्हा चालू केलं, नळीचं टोक डाव्या कार्बोरेटरशी धरलं आणि दुसरं टोक उजव्या कानाला लावलं. आवाज असा घोंघावत आला की ते दचकले. कमी ऐकू येतंय म्हणून ते डावीकडची हवा वाढवत गेले होते. गाडीत काही बिघडलंच नव्हतं. इंजिन बंद करून ते एका जुन्या टायरवर बसले.

बायको शेजारी बसली, या वेळी उजवीकडे. "मग बसवा की एकच. ती बाई विचारतेच आहे."

हे त्यांच्याही मनात येऊन गेलं होतं. एकच कार्बोरेटर असला की जुळवायला दुसरा उरत नाही. पार्ट्सवाला खूश, बाई खूश, आणि कानवाल्यांचा कान गेलाय हे कुणाच्या कानी पडलं नसतं.

"आत्ता बसवला तर तो तिच्यासाठी की माझ्यासाठी, हे मलाच कळायचं नाही," ते म्हणाले. "आधी दोन नीट करतो."

"गेल्या कानाने?"

"राहिलेल्या."

त्यांनी ड्रिलच्या डब्यातून भोकं पाडायच्या, एकाच जाडीच्या दोन सळ्या काढल्या. दोन्ही स्लाइडखाली एकेक सरकवली आणि दोन्ही स्लाइड त्यांच्यावर सारख्याच टेकेपर्यंत स्क्रू फिरवले. मग उजवा कान घेऊन गाडीच्या या बाजूला, त्या बाजूला, पुन्हा या बाजूला. बायको म्हणाली, "चक्कर येऊन पडाल." पण संध्याकाळी दोन्ही प्लग बिस्किटाच्या रंगाचे निघाले.

मंगळवारी बाई आल्या. वर्कशॉपच्या मागे खडीचा उभा चढ होता. त्यावरून गाडी सुसाट वर गेली आणि हळू हळू खाली आली. कुठे अडखळली नाही.

"झक्कास! म्हणजे दोनच ठेवायचे?"

"थांबा," कानवाले म्हणाले. "आधी ऐका. मागच्या खेपेला चूक माझी होती. माझा डावा कान गेलाय. मला ते काल कळलं."

बाईंचा चेहरा उतरला. "दोन तास चालले मी, काका. एकटी."

"हो. त्याचे पैसे घेणार नाही, आणि बोलायचं तेवढं बोलून घ्या."

बाईंनी खरंच बोलून घेतलं. कानवाल्यांनी खाली न बघता ऐकलं. बाईंचा राग ओसरल्यावर कानवाल्यांनीच विचारलं, "गाडी जोरात कधी नेता?"

"मेंढ्यांच्या मागे? कधीच नाही. बैलगाडीच्या वेगाने जाते."

"आणि वर कुरणात कार्बोरेटरमध्ये कचरा अडकला तर?"

"हातमोजे घालूनच खटपट करते. बोटं गारठलेली असतात."

"मग तुमच्या कामाला एकच बरा. हळू चालताना नेमाने ओढेल, आणि वर बसून उघडायची वेळ आली तर एकच उघडायचा. जोरात पळवायची असती तर दोनच म्हणालो असतो."

बाईंनी डोळे बारीक केले. "कान गेला म्हणून तर एक सांगत नाही ना?"

"म्हणून तर आधी दोन करून दाखवले. उद्या एक बसवतो. याच चढावर दोन्ही बघा आणि तुम्हीच ठरवा."

बुधवारी दोन्ही सिलिंडरना जोडणारा दुतोंडी पाइप लावून त्यावर एक मोठा कार्बोरेटर बसला. आत पेट्रोल सोडणारा पहिला जेट जरा कोरडा पडला, दुसरा बरोबर निघाला. बाईंनी मागे दगडांचं पोतं बांधलं आणि चढाच्या मध्यावर गाडी मुद्दाम थांबवली. तिथूनच पुन्हा काढली. गाडीने कुरकुर केली नाही. वर जाऊन त्यांनी पुन्हा उतरत, थांबत, तीनदा तेच केलं.

"टोकाला जरा कमी पळते," त्या म्हणाल्या.

"पळणारच कमी."

"राहू दे एकच."

जुने दोन कार्बोरेटर धुऊन, कापडात बांधून कानवाल्यांनी बाईंच्या गाडीमागच्या डब्यात ठेवले. कधी विकायची झालीच गाडी, तर घेणारा मागेल.

गुरुवारी दुपारपासून त्यांनी आपलं स्टूल फिरवून ठेवलं होतं, उजवा कान रस्त्याकडे. चारच्या सुमारास ते एकदम उठले.

"आल्या."

"कोण?" बायको दारात आली, रस्ता रिकामा होता. "मला तर काही ऐकू येत नाही."

"दोन्ही सिलिंडर चालतायत," कानवाले म्हणाले, आणि चहा टाकायला सांगितलं. तीन कप.