दीड लादीचं अंतर

लवू धुरींनी आयुष्यात एकच गोष्ट मन लावून शिकवली, आणि नेमकी तीच चुकीची शिकवली. हे दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर विक्रोळीत त्याची धडगत नव्हती. पण हे लवूसर स्वतःच म्हणतात, तेही चहाच्या टपरीवर, चार माणसांत, मोठ्याने. ऐकणारे म्हणतात, "काय सर, कायपण बोलता!" आणि चहाचे पैसे देऊन सटकतात. खरं ऐकायला कुणाला वेळ आहे?

माणूस मूळचा मालवणकडचा. वडील गिरणीत होते. गिरणी बसली तसं बिऱ्हाड विक्रोळीच्या चाळीत आलं आणि लवू अठराव्या वर्षी तिथल्याच एका कारखान्यात पॅकिंगला लागला. त्या कारखान्यात बॉक्सिंगचं भारी वेड. जेवणाच्या सुट्टीत आवारातल्या सिमेंटवर खडूने चौकोन आखायचा, ग्लोव्हज चढवायचे आणि दोघांनी भिडायचं. लवू अशा पाच लढती खेळला, त्यातल्या चार जिंकला. पण दोरांच्या आत, कॅनव्हासवर, खऱ्याखुऱ्या रिंगमध्ये हा माणूस जन्मात एकदाही उतरला नाही. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. तिशीत त्याने वस्तीतल्या व्यायामशाळेत क्लास काढला, पोरं सर म्हणायला लागली, आणि एकदा सर झाल्यावर अशा गोष्टी कोण आपणहून सांगतो हो!

व्यायामशाळेच्या हॉलात रिंग नव्हतीच. होती ती शहाबादी लादी, दोन फूट बाय दोन फूट, सबंध हॉलभर. आणि लवूसरांनी त्या लादीचंच शास्त्र बनवलं.

जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा. दिसायला सगळ्यात सोपा, आणि जमता जमत नाही असाही तोच. कारण त्यात जोर नसतो, हिशेब असतो. लांबून मारला तर हवेत जातो, जवळून मारला तर कोपर दुमडतं आणि वर आपलंच थोबाड समोरच्याच्या हाताशी येतं. हे अंतर पोरांच्या डोक्यात कसं घालायचं? लवूसर म्हणायचे, "दीड लादी. तुझ्या पुढच्या पायापासून त्याच्या पुढच्या पायापर्यंत दीड लादी. तिथून अर्धी लादी पाय सरकव आणि पायाबरोबरच हात सोड. त्याने पाऊल उचललं की तू निघाला पाहिजेस. त्याचं पाऊल टेकलं म्हणजे तुला उशीर झाला, समजलं?" लादीचे सांधे नीट दिसावेत म्हणून त्यांत गेरू भरलेला असायचा. दर दसऱ्याला ग्लोव्हजना झेंडूची माळ घालून पूजा झाली की सगळी पोरं ओणवी होऊन सांध्यांत नवा गेरू भरायची, आणि मग श्रीखंड-पुरी. नजर समोरच्याच्या छातीवर आणि डोळ्याच्या कोपऱ्यात तांबडी रेघ. वर्षभरात पोरं अशी तयार व्हायची की बघत राहावं.

फक्त बाहेर जाऊन पहिल्याच फेरीत हरायची. लवूसरांकडे त्यालाही उत्तर होतं. कधी रेफ्री विकलेला, कधी पोराने आदल्या दिवशी वडापाव हाणलेला, कधी काय. वीस वर्षं नाचता येईना, अंगण वाकडं. त्यांना एकदाही वाटलं नाही की अंगणच बघावं.

मग आली ऋतिका. टेम्पो चालवणाऱ्या श्यामसुंदर गावडेची मुलगी, चौदा वर्षांची, काडीसारखी, हात गुडघ्यापर्यंत. श्यामसुंदर स्वतः तिला घेऊन आला आणि म्हणाला, "सर, ही घरात भावंडांना बडवते. निदान शिकून तरी बडवू दे." चार वर्षांत त्या पोरीचा जॅब असा झाला की हॉलातले बाप्ये तिच्यासमोर उभं राहणं काहीतरी कारण काढून टाळायचे. समोरचा हलायच्या आत तिचा हात जाऊन परत आलेला असायचा. लवूसर घरी येऊन बायकोला, रत्नप्रभाला सांगायचे, "ही पोरगी खेळाच्या कोट्यातून नोकरीला लागते की नाही बघ. गावड्याचं घर उभं करील." श्यामसुंदरही टेम्पोच्या काचेवर तिचा ग्लोव्हज घातलेला फोटो लावून फिरत होता.

जिल्ह्याला तिच्या वजनगटात दुसरी मुलगीच नव्हती, त्यामुळे न लढताच ती राज्यस्पर्धेला पोचली. सातारा. लवूसर, श्यामसुंदर आणि ऋतिका एसटीने गेले. डब्यात रत्नप्रभाने दिलेले तांदळाचे घावणे.

लवूसरांनी रिंगभोवती एक चक्कर मारली. उंच चौथरा, चार दोर, आणि खाली निळंशार, सपाट, कुठे रेघ नाही की सांधा नाही. पण तेव्हा त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. घंटा झाली. ऋतिका पुढे सरकली, आणि तिने खाली बघितलं. एकदाच, क्षणभर. मग जॅब सोडला, तो चार बोटं तोकडा पडला. समोरच्या मुलीने तिच्या नाकावर दिला. ऋतिका मागे सरकली, पुन्हा खाली बघितलं, पुन्हा हात सोडला, पुन्हा चार बोटं. "वर बघ! वर बघ गं!" लवूसर कोपऱ्यातून ओरडत होते. ती वर बघायची आणि तिची मान परत खाली जायची. दुसऱ्या फेरीत रेफ्रीने तिच्यासमोर आठ आकडे मोजले. मग लढतच थांबवली, तिसरी फेरी झालीच नाही.

ती खाली उतरली, नाकाला कापूस लावलेला. श्यामसुंदर धावत आला. आणि लवूसर त्याला, तिला नव्हे, त्याला म्हणाले, "हात आहे रे पोरीला, पण घाबरते. जी रिंगमध्ये मान वर करत नाही, तिला मी काय शिकवू?"

एवढंच बोलले. रागात बोलले, लाजेने बोलले, वीस वर्षांचं अपयश एका पोरीच्या पदरात टाकून मोकळे झाले. आणि वस्तीत असा शब्द एकदा सुटला की तो राहायला घरच बघतो. श्यामसुंदर साधा माणूस, सरांचा शब्द त्याला ब्रह्मवाक्य. सर म्हणतात घाबरते, म्हणजे घाबरते. मग पोरीला उगाच मार खायला कशाला पाठवायचं? टेम्पोवरचा फोटो उतरला. ऋतिका महिनाभर हॉलच्या दारापर्यंत यायची आणि परत जायची. लवूसर आतून बघायचे आणि म्हणायचे, "भीती गेली की येईल." पुढे चाळ पाडली, इमारतीचं काम सुरू झालं, गावडे बोरिवलीला भाड्याने राहायला गेले. संपलं.

नऊ वर्षं गेली. लवूसरांनी कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली, केस पिकले, क्लास चालूच होता. गेल्या दिवाळीनंतर हॉलची दुरुस्ती निघाली आणि लादीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत निळ्या रबरी मॅट टाकल्या. सगळे खूश. झकास दिसतंय, म्हणाले. पहिल्याच दिवशी सम्यक नावाचा बँकेतला कारकून, चांगला सात वर्षांचा जुना शिष्य, जॅब मारायला उभा राहिला आणि त्याचा ठोसा हवेत गेला. दुसऱ्याचाही गेला. तिसऱ्याचाही. लवूसर वैतागले. "हात गावच्या सड्यावर ठेवून आलात काय रे? सरका, मी दाखवतो!"

सम्यकने हातात पॅड धरलं. लवूसर पवित्र्यात उभे राहिले. आणि त्यांची मान खाली गेली.

निळंशार, सपाट, कुठे रेघ नाही. त्यांनी मान वर केली आणि जॅब सोडला. पॅडच्या अलीकडे, चार बोटं. मग नीट जोखून पुन्हा सोडला. चारच बोटं.

"सर, खाली काय बघताय? लादी गेली ना आता!" सम्यक हसत म्हणाला. पोरं पण हसली. लवूसर बाकावर जाऊन बसले ते क्लास सुटेपर्यंत उठले नाहीत. आईशप्पथ, कुणी कानाखाली मारावं तसं झालं त्यांना. भीती कसली आणि काय कसली! पोरगी अंतर शोधत होती. तिला शिकवलेलं अंतर जमिनीवर होतं, समोरच्या माणसात नव्हतंच. जिने चार वर्षं रेघ बघून पाऊल टाकलं, तिला बिनरेघांच्या जागेत उभी करून वर 'घाबरते' म्हणून मोकळे झालो आपण. एकदा जरी आपण स्वतः कॅनव्हासवर उतरलो असतो तर पहिल्या मिनिटाला कळलं असतं.

पंधरा दिवस ते ताटावरून अर्धवट उठत होते. शेवटी रत्नप्रभाबाई कडाडल्या, "तुमी हयसर बसान कुढत ऱ्हवलात तर काय होतला? तेव्हा बोलूक तोंड होता, आता मूग गिळलात काय? जावा नि तिका सांगा."

सम्यकने कुठून कुठून ऋतिकाचा नंबर काढला. सांताक्रूझला मोटार ड्रायव्हिंग शिकवते म्हणाला. लवूसरांनी फोन केला. पलीकडून आवाज आला तो अगदी सरळ. "या ना सर. चारला माझी एक शिकाऊ बाई आहे. मागच्या सीटवर बसा, मग बोलू."

तर लवूसर, एकसष्ट वर्षांचे, इस्त्रीचा शर्ट घालून 'शिकाऊ' लिहिलेल्या गाडीत मागे बसले. स्टिअरिंगवर अनुपमाताई नावाच्या पन्नाशीच्या बाई, घामाने डबडबलेल्या. शेजारी ऋतिका. अंगाने भरली होती, केस कापलेले, नाकाचं हाड जरा वाकडं राहिलेलं. ते वाकडं हाड बघून लवूसरांनी खिडकीबाहेर तोंड केलं.

सिग्नलला अनुपमाताई पेडलकडे बघायला लागल्या. "ताई, खाली काय बघताय?" ऋतिका म्हणाली. "ब्रेक कुठे पळून जात नाही, पायाला सापडतो. समोर बघा. पुढच्या गाडीचं मागचं चाक रस्त्याला टेकलेलं दिसतंय ना? दिसतंय तोवर अंतर बरोबर. दिसेनासं झालं की फार जवळ गेलात." अनुपमाताईंनी समोर बघितलं आणि गाडी बरोबर थांबली. किती सोपं होतं! चार वाक्यांत सांगितलं पोरीने. लवूसरांना मागच्या सीटवर भरून आलं.

अनुपमाताई उतरून गेल्या. ऋतिकाने स्टिअरिंगवर सरकून गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि मागे वळली. "बोला सर."

घरून निघताना पाठ केलेलं सगळं लवूसर विसरले. "ऋतिका, साताऱ्याला... तू घाबरली नव्हतीस गं. ती लादी. मी तुला लादीवर शिकवलं. चूक माझी होती. मी स्वतः कधी रिंगमध्ये उतरलो नव्हतो. कुणाला सांगितलं नाही कधी. मला काय ठाऊक नव्हतं नि मी..."

"मला माहीत होतं, सर."

"काय माहीत होतं?"

"लादीचं. पहिल्या फेरीतच कळलं. खाली बघितलं तर काहीच नाही. माझ्या मनात आलं, अगंबाई, रेघा कुठे गेल्या!" ती हसली. "येताना एसटीत तुम्हाला सांगणार होते. पण तुम्ही पप्पांशी बोलत होतात."

"मग नंतर तरी सांगायचंस ना, पोरी!"

"महिनाभर येत होते ना दारापर्यंत. तुम्ही बघायचात. हाक नाही मारलीत."

लवूसरांनी दोन्ही हात जोडले. साठी उलटलेल्या माणसाने लेकीच्या वयाच्या मुलीपुढे हात जोडलेले बघून ती कावरीबावरी झाली. "अहो सर, नका ना! माझं काही अडलं नाही. मला कधी वाटलंच नाही मी घाबरते म्हणून. मला नका सांगू. हे पप्पांना सांगायला पाहिजे होतं."

"सांगतो की! आत्ता सांगतो. बोरिवलीलाच ना? चल, आत्ता जाऊ. त्याच्या पाया पडतो मी."

ऋतिकाने समोर तोंड फिरवलं.

"पप्पा गेले सर. गेल्या मार्चमध्ये. हार्टचं होतं." तिने आरसा सारखा केला. "हॉस्पिटलात ऑपरेशनच्या कागदावर सही पाहिजे होती. मी पेन घेऊन उभी होते. पप्पा डॉक्टरांना म्हणाले, हिला नका विचारू, ही घाबरते. पुतण्याला बोलवा माझ्या. तो नालासोपाऱ्याहून येईपर्यंत दीड तास गेला."

तो दीड तास वाचला असता तर काही फरक पडला असता का, हे लवूसरांनी विचारलं नाही. मग तिने घड्याळ बघितलं, गाडी सुरू केली आणि म्हणाली, "पुढे येऊन बसा सर, बस स्टॉपवर सोडते. साडेपाचला माझी दुसरी बाई आहे."

लवूसर पुढे येऊन बसले. त्यांना पट्टा लावता येईना, तो तिने लावून दिला.