अंगठा आणि आग्या मोहोळ

माझ्या तोंडून निघालेला मासा होडीत मावत नाही, हे आमच्या दर्याकाठच्या नवापुरात सगळे जाणतात. तेव्हा आधीच सांगतो, यातल्या मधमाश्या मी थोड्या फुगवल्या असतील, पण भीती जेवढी होती तेवढीच लिहिली आहे.

जाळं सोडवताना शिंगाळा माशाचा काटा उजव्या अंगठ्यात घुसला. मी वर डांबर फासलं. होडीची फट बुजते, तर अंगठ्याची का नाही? त्यात मला साखरेचा आजार. अंगठा काळानिळा पडला. बोईसरच्या डॉक्टरीणबाईंनी डांबर खरवडून जखम धुतली, औषधं सुरू केली आणि म्हणाल्या, "उद्या बघू. काळं वर चढलं तर अंगठा काढावा लागेल." अंगठ्याशिवाय जाळ्याची दोरी कशी धरणार?

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बायको म्हणाली, "अख्खा दर्या भितो म्हनता तुमाला. आता गप बसा, पलू नका." ती औषधं आणायला वळली आणि मी पळालो. आमच्या गावदेवीला मनात म्हटलं, आई, मला इथून सोडव. मागच्या कुंपणावर चढताना आंब्याची फांदी ओढली. तिच्यावर आग्या मोहोळ. कावळ्याएवढ्या माश्या अंगावर आल्या. मी हात झाडत, बोंबलत परत दवाखान्याकडेच धावलो.

कुणीतरी माझ्यावर गोधडी टाकून मला खाली दाबलं. डोंगराकडची कुणी बाई होती, तीही माझ्याबरोबर आत शिरली. "हलू नको, दादा. हात झाडतो म्हनून चावतात. बस, जातील."

बाहेर घोंघावणं, आत काळोख. मरण कानाला लागलं होतं. मी हललो नाही. देवीकडे काही मागितलंही नाही. नुसता तिच्या पायाशी पडून राहिलो.

माश्या गेल्या. डॉक्टरीणबाईंनी आधी डंख काढले, मग अंगठा उलटसुलट पाहिला. "काळं चढलेलं नाही. कापायची घाई नको, मधाची पट्टी लावून बघू. जखमेसाठी शुद्ध केलेला मध असतो, घरातला नाही लावायचा."

"बाई, त्या मधाच्या मालकिणी आत्ताच मला फोडून गेल्या."

"मग वसूल करा," त्या म्हणाल्या. बायको हसता हसता रडली.

गोळ्या, इंजेक्शनं चालू होतीच. प्रत्येक पट्टी सुटताना मी तोंड फिरवून बायकोला बघायला सांगायचो. हळूहळू काळं सुटलं, खालून गुलाबी मांस भरत आलं. त्या बाईला खूप शोधलं, ती पुन्हा दिसली नाही. गोधडी माझ्याकडेच राहिली.

आता देवीपुढे मधाची वाटी ठेवतो, मागत काही नाही. हात जोडले की वाकडा राहिलेला अंगठा बाजूला उभा असतो. तोही हलत नाही.