दीपमालानं रांग आखूड केली

अड्याळच्या आनंदरावांची थोरली पोर दीपमाला साकोलीत मनिष नावाच्या माणसाच्या इंटरनेट कंपनीत सहा वर्षं नोकरीला होती. वायर ओढण्यापासून लिनक्सच्या सर्व्हरपर्यंत सगळं तीच बघायची.

२०१६ साली मनिषच्या डोक्यात आलं, लाइनवरून जाणाऱ्या माहितीचं एकही पॅकेट वाया जाता कामा नये. त्यानं सर्व्हरवरचे बफर, म्हणजे पॅकेट थांबवून ठेवायच्या रांगा, दहापट करायला लावले.

"सर, लाइन तेवढीच हाये," दीपमाला म्हणाली. "पॅकेट पडनार नाही, पन रांगेत सडत राहीन. उशिरा पोचलं त काय कामाचं?"

"तू वायर सांभाळ."

जूनमध्ये नर्सिंगच्या अर्जांचा शेवटचा दिवस आला. बसस्टँडजवळ मनिषच्याच लाइनवर चालणाऱ्या रत्नाबाईच्या ऑनलाइन केंद्रात पोरींची झुंबड उडाली. सगळ्यांचे फोटो, दाखले एकदम चढू लागले, रांग फुगली, पानं नुसती फिरत राहिली. मुदत संपली. अकरा पोरींचं वर्ष गेलं. रडारड ऐकून मनिष आला आणि तिथं लाइन तपासत असलेल्या दीपमालाकडे बोट दाखवून सर्वांदेखत म्हणाला, "हिनंच सेटिंग बिघडवली. आजपासून हिची सुट्टी." एक पोर दीपमालाच्या तोंडावर थुंकली. दीपमालानं ओढणीनं गाल पुसला.

राग तिनं गिळला नाही, जपला. लाखनीच्या तुलाराम केबलवाल्याचा धंदा बुडत आला होता. त्याच्याकडे ती गेली. "पगार कमी द्या, पन सर्व्हर माया हाती राहू द्या."

वर्षभर तिनं एकेक आकडा बदलून पाहिला. लाइनच्या वेगापेक्षा डेटा जरा कमीच सोडायचा, म्हणजे रांग आपल्या हातात राहते. ती आखूड ठेवायची, तुंबलं की पॅकेट वेळीच पाडायचं. पाठवणारं मशीन ते परत पाठवतं आणि दमानं घेतं. शिवाय प्रत्येक गिऱ्हाइकाची रांग वेगळी, एकाच्या सिनेमापायी दुसऱ्याचा अर्ज अडायला नको. तीन सेकंदांनी येणारं उत्तर पापणी लवायच्या आत येऊ लागलं.

मग तुलारामची वायर तिनं साकोलीपर्यंत आणली. पहिलं कनेक्शन रत्नाबाईचं. दिवाळीपर्यंत मनिषचं अर्धं गिऱ्हाईक फुटलं. घराघरातून त्याचे इंटरनेटचे डबे काढून ती स्वतः त्याच्या टेबलावर नेऊन आदळायची.

शेवटी मनिष दीपमालाला गाठायला रत्नाबाईच्या केंद्रात आला. "काय करून राहिली तू सर्व्हरवर? सांग मले. परत ये, मॅनेजर करतो."

"आधी त्या दिवशीचं खरं बोला. सगळ्यायसमोर."

केंद्र भरलेलं होतं. मनिष मान खाली घालून पुटपुटला, "बफर मीच वाढवायले लावले होते. ही नाही म्हनत होती."

"जोरात."

त्यानं पुन्हा सांगितलं. मग आशेनं विचारलं, "आता सांगतेस ना?"

"सांगायचं मी कवा कबूल केलं? शोधा तुमचं तुमी."

घरी आनंदराव म्हणाले, "झालं ना बाई मनासारखं? आता सोड त्याले."

"त्या अकरा पोरीतल्या दोघीचं घरच्यायनं लगन लावून देल्लं, बाबा. कायले सोडू?"

सकाळी शिडी घेऊन ती साकोलीलगतच्या सेंदूरवाफ्याला गेली. तिथं मनिषच्या लाइनवरची चाळीस घरं अजून उरली होती.