होडीवाल्याचा पहिला नंबर

प्रभुलिंग हत्तुरे हा माणूस दिसेल त्याला आणि ऐकू येईल त्याला नंबर देतो. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो मेंटेनन्स फिटर आहे आणि तिथल्या सगळ्या मशिनींना त्यानं आवाजावरून क्रम लावून ठेवलाय. घरच्या कुकरच्या शिट्ट्याही त्यातून सुटलेल्या नाहीत. एकदा त्यानं बायकोच्या, म्हणजे शिवलीलाच्या उप्पिटाला सातवा नंबर दिला. त्या दिवशी त्याचा डबा घरीच राहिला, आणि पहिले सहा कुणाचे हे त्यानं आजतागायत सांगितलेलं नाही.

पण हे सगळे किरकोळ नंबर. खरी यादी एकच, आणि ती सात रस्त्याजवळ बालमित्र शिवशरणच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात, आतल्या प्लायवूडच्या दारावर काळ्या मार्करनं लिहिलेली आहे. लहानपणी टीव्हीला जोडून खेळलेल्या व्हिडिओ गेममधली दहा सर्वांत भारी गाणी. गाणी म्हणायची आपली पद्धत. शब्द वगैरे काही नाही, नुसतं टिंव टिंव. पण त्या टिंव टिंववर प्रभुलिंग, शिवशरण आणि महेश्वर हे तीन पंचेचाळीशीचे बाप्ये पंचवीस वर्षं भांडत आलेत.

गेमची खरी नावं तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हती. पिवळ्या कॅसेटवर चित्र एक असायचं आणि आत निघायचं भलतंच. मग पोरांनी आपली नावं ठेवली. दारावर दोन नंबरला आहे 'रणगाडा'. जेमतेम चार सेकंदांचं, पण ते वाजलं की शिवशरण अजून ताठ बसतो. तीन नंबरला 'मेल्यावरचं', कारण तिघांनीही आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा ऐकलं ते हेच. 'बर्फातलं' पूर्वी पाचावर होतं. महेश्वरच्या लग्नात बँडवाल्यानं जवळपास तसंच काहीतरी वाजवलं, नवरदेवाचं मन उडालं आणि ते गाणं आठावर घसरलं.

आणि पहिल्या नंबरला, यादी सुरू झाल्यापासून, 'होडीवाला'. बटन दाबून गेम सुरू केला की एक छोटा माणूस होडी वल्हवत गुहेतून जायचा, तेव्हा वाजायचं ते. दरवर्षी जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली की पहिल्या रविवारी तिघं त्या दाराशी बसून क्रम पुन्हा ठरवतात. शिवशरण रणगाड्याला वर चढवायला बघतो, शाळामास्तर महेश्वर दोघांनाही तुझं बरोबर आहे म्हणतो, आणि प्रभुलिंग होडीवाल्याच्या तालावर असं काही बोलतो की होडीवाला पहिलाच राहतो. वरचे सूर कुणीही लावील, म्हणतो तो, पण खाली जो टक्-खट, टक्-खट ठेका चाललाय तो ज्यानं बसवला त्याच्या पाया पडायला पाहिजे.

दाराच्या अगदी वर एक नियमही लिहिलेला आहे, तोही प्रभुलिंगच्याच अक्षरात. शिवशरण रणगाडा म्हणून दाखवताना शेवटी तोंडानं तोफ उडवायचा आणि ती गाण्यातच धरा म्हणून हट्ट करायचा. त्याला चाप बसावा म्हणून प्रभुलिंगनं लिहिलं : 'गेममध्ये वाजतं तेवढंच धरायचं. बाहेरचं मिसळलेलं गाणं दारावरून खोडलं जाईल.' शिवशरणची तोफ त्या दिवसापासून बाद झाली.

बाकीच्या नऊ गेमची नावं हळूहळू कुणाकुणाकडून कळली आणि ती गाणी इंटरनेटवर सापडून शिवशरणच्या मोबाईलमध्ये आली होती. होडीवाला तेवढा सापडत नव्हता. नावच माहीत नाही तर शोधणार काय? त्याचं राज्य नुसत्या आठवणीवर चाललं होतं.

यंदा गड्ड्याच्या रविवारच्या आदल्या दिवशी प्रभुलिंगची लेक संस्कृती पुण्याहून आली. बाप जेवताना नेहमीप्रमाणे गुणगुणत होता. तिनं मोबाईल त्याच्या तोंडासमोर धरला, आणखी एकदा म्हणायला लावलं आणि भाजी वाढून होईस्तोवर गाणं शोधूनही काढलं. प्रभुलिंगला उठून नाचावंसं वाटलं. उष्ट्या हातानंच त्यानं इअरफोन कानात घातला.

ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला. सूर तेच होते, वळणंही तीच होती. ठेका मात्र नव्हता. त्यानं चारदा ऐकलं, आवाज वाढवून ऐकलं, कान बदलून ऐकलं. संस्कृती म्हणाली, पप्पा, ओरिजिनल आहे, एवढंच आहे. न्हाय, न्हाय, म्हणत तो ताटावर बोटांनी वाजवून दाखवायला लागला, टक्-खट, टक्-खट. शिवलीलाचं माहेर विणकरांच्या साखर पेठेतलं. तिनं भाकरी वाढता वाढता सांगून टाकलं.

"त्यो मागाचा आवाज हाय की."

प्रभुलिंगचा घास हातातच राहिला. तिघं लहानपणी गेम खेळायचे ते त्याच साखर पेठेत, नरसम्मा नावाच्या बाईच्या घरी. पुढच्या खोलीत टीव्ही आणि मागच्या खोलीत यंत्रमाग, मध्ये एक पातळ भिंत. नरसम्मा खेळायचे पैसे घेत नसे, कांड्या भरून घेई. मागात इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसवायच्या त्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळायचं. दहा कांड्या भरल्या की दहा मिनिटं गेम. माग सकाळपासून चालू असायचा, कधी बंदच नसायचा, म्हणून तो वेगळा असा कुणाला ऐकूच आला नव्हता. एवढी वर्षं प्रभुलिंग ज्याच्या पाया पडायला निघाला होता, तो ठेका भिंतीपलीकडचा निघाला.

म्हणजे बाहेरचं मिसळलेलं गाणं, आणि नियम तर स्वतःच्याच हातानं लिहिलेला. गप्प बसला असता तर कुणाला कळलं नसतं, आणि गप्प बसायचा विचार त्यानं केलाही, चांगला हात धुवून येईपर्यंत केला. पण ज्याची तोफ आपण बाद केली त्याच्यासमोर बसून हे पचवायचं कसं? उद्या होडीवाला दारावरून जाणार होता. बाकी आयुष्यात त्याचं पहिल्या नंबरला असं काही नव्हतंच.

रविवारी त्यानं सगळं सांगून टाकलं. शिवशरणला झालेला आनंद वर्णन करण्यापलीकडचा होता. तो खुर्चीवरून उठला, पुन्हा बसला, समोर आलेल्या गिऱ्हाईकाला त्याचा मोबाईल न बघताच चांगला आहे म्हणाला, आणि थिनरची बाटली अन् फडकं घेऊन दाराशी उभा राहिला. प्रभुलिंगनं त्याचा हात धरला. खोडायच्या आधी एकदा, फक्त एकदा, मागाशेजारी ऐकू या, एवढंच त्यानं मागितलं. महेश्वर म्हणाला, दोघांचंही बरोबर आहे. मग दोन मोटारसायकलींवर तीन बाप्ये, संस्कृती आणि एक मोठा स्पीकर अशी वरात साखर पेठेत निघाली. थिनरची बाटली शिवशरणनं खिशात ठेवली होती.

नरसम्मा आता पंच्याहत्तरीच्या पुढे. मुलांनी नवे माग घेतले, पण एक जुना तिनं स्वतःपुरता ठेवलाय आणि त्यावर टॉवेल काढते. तिनं तिघांना ओळखलं, कशाला आलेत ते ऐकून घेतलं, आणि सुताचं बाचकं त्यांच्यापुढे सारलं. आधी कांड्या. संस्कृतीला वाटलं म्हातारी चेष्टा करतेय. तिचे वडील आणि दोन्ही काका मांडी घालून बसलेदेखील. महेश्वरच्या कांड्या अजून ढिल्याच होत, त्या नरसम्मानं उलगडून परत भरायला लावल्या. दहा भरल्यावर तिनं माग सुरू केला आणि खोली हादरायला लागली.

शिवशरणनं मोबाईलवर गाणं लावलं. माग एकीकडे आणि होडीवाला दुसरीकडे, नुसता कालवा. महेश्वरनं लावून पाहिलं, तेच. गाणं पुढे पळतंय, माग मधेच खाट करतोय. शिवशरणचा हात खिशाकडे गेला.

प्रभुलिंगनं मोबाईल मागून घेतला. अंगठा स्क्रीनवर धरून तो उभा राहिला आणि काहीच करेना. धोटा गेला, आला, गेला. मग कधी दाबलं ते त्याचं त्यालाही कळलं नाही, पण गाणं अगदी खटक्यावर उठलं आणि बसलं. टक्-खट, टक्-खट, आणि त्यावर होडी चालली. सूर वळला की माग त्याला झेलत होता. महेश्वरची मान हलायला लागली. संस्कृती हसत सुटली, कारण तिचा बाप मागापुढे दोन्ही हात वर करून नाचत होता, आणि शिवशरण नको नको म्हणत पायानं ठेका धरत होता. प्रभुलिंगला आनंद मावेना. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंडानं तो नुसता आँ आँ करत होता.

नरसम्मानं माग थांबवला.

"तू तवाबी असंच करायचास. बाकीची पोरं बसली की बटन दाबायची. तू धोट्याची वाट बगायचास."

प्रभुलिंगला हे ठाऊक नव्हतं. तो अंगठ्याकडे बघत राहिला. शिवशरणनं तरी शेवटचा प्रयत्न केला. भारी हाय अम्मा, कबूल, पण नियम म्हणतो बाहेरचं मिसळायचं नाही. म्हातारीला ते पटलं नाही.

"माग बाहेरचा कसा रे? माग माज्या सासऱ्यापासनं हाय हितं. बाहेरचा तर त्यो टीव्ही हुता."

शिवशरणनं महेश्वरकडे पाहिलं. महेश्वर म्हणाला, अम्माचं बरोबर आहे, आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच तो दुसऱ्या कुणाचंही बरोबर आहे असं म्हणाला नाही.

दुकानात परतल्यावर शिवशरणनं थिनर फळीवर ठेवलं आणि मार्कर उचलला. 'होडीवाला'च्या पुढे त्यानं स्वतःच्या गचाळ अक्षरात लिहिलं : 'माग – नरसम्मा. बटन – प्रभुलिंग.' प्रभुलिंगनं ते तीनदा मोठ्यानं वाचलं, मग संस्कृतीकडून वाचून घेतलं.

मग शिवशरणनं घसा साफ केला आणि हळूच तोफेचा विषय काढला. तोंड तरी कुठं बाहेरचं असतं, असं त्याचं म्हणणं होतं. मतदान झालं. तोफेच्या बाजूनं पहिला हात प्रभुलिंगचा वर गेला.