चिकटलेली पाकिटं

आमच्या लोअर परळच्या सहकारी बँकेत तपासणीला येणाऱ्या बाई घोडपदेवच्या. चहा बिनसाखरेचा, आणि प्रत्येक प्रश्नाआधी "जरा सांगा हं". काळा पैसा बँकेत शिरू नये म्हणून संचालक स्वतः किती लक्ष घालतात, हे त्या तपासतात. सभेचं इतिवृत्त मी लिहितो. संशयास्पद व्यवहारांच्या अहवालावर 'सविस्तर चर्चा झाली', हे वाक्य मी सभेआधीच टाइप करून ठेवायचो.

गेल्या खेपेला बाईंनी संचालकांना बंद पाकिटातून पाठवलेल्या आणि सभेनंतर परत आलेल्या अहवालाच्या प्रती मागितल्या. सगळी पाकिटं चिकटलेलीच होती.

"जरा सांगा हं, चर्चा कशावर झाली?"

बाई टिपून घेऊ लागल्या, तसे अध्यक्ष हसले. "बाई, एवढं कशाला लिहिता?"

"साहेब, खालची माणसं काम चोख करतात. वर कोणी वाचत नाही, एवढंच लिहितेय."

मी मान वर केली नाही. पण खालच्यांत मीही होतो, आणि आमच्यासाठी असं कोणी कधी बोललं नव्हतं.

परवाच्या सभेत अध्यक्षांनी चष्मा लावून विचारलं, "सातव्या पानावरचं हे खातं कोणाचं?" मग दोन तास वाद चालला. मी माझं तयार वाक्य पुसलं आणि कोण काय म्हणालं ते लिहीत गेलो. घरी हात दुखतोय म्हणून सांगितलं, तेही ऐटीत.